बाल्टिकचा हेरिंग आणि टनांचा हिशेब

ऑगस्ट २०२३मध्ये युरोपीय आयोगानं एक कडक प्रस्ताव मांडला. बाल्टिक समुद्राच्या मध्य भागात आणि उत्तरेकडच्या बॉथनियाच्या आखातात हेरिंगसाठी जाळी टाकणं पुढच्या वर्षी बंद करावं. दुसरे मासे धरताना जो हेरिंग आपसूक येईल तेवढाच चालवून घ्यावा. दोन महिन्यांनी सदस्य देशांचे मत्स्यमंत्री लक्झेंबर्गला जमले आणि त्यांनी बंदी नाकारली. २०२४साठी मध्य बाल्टिकला ४०,३६८ टन आणि बॉथनियाला ५५,००० टन असा कोटा ठरला. आदल्या वर्षीपेक्षा तो अनुक्रमे ४३ आणि ३१ टक्क्यांनी कमी होता. पुढच्या ऑक्टोबरात तेच मंत्री पुन्हा बसले आणि मध्य बाल्टिकचा २०२५चा कोटा ८३,८८१ टनांवर गेला, म्हणजे दुपटीहूनही जास्त.

सव्वा वर्षाच्या आत एकाच माशाबद्दल ‘बंद करा’ इथपासून ‘दुप्पट धरा’ इथपर्यंत मजल गेली. दोन्ही वेळा आधाराला शास्त्रीय मूल्यांकनच होतं. मग बाल्टिकमधला हेरिंग आहे तरी कसा, धडधाकट की खंगलेला? या प्रश्नावर गेली काही वर्षं स्टॉकहोम, हेलसिंकी, कोपनहेगन आणि ब्रुसेल्समध्ये जे वाद झाले, त्यांत एक गोष्ट मला सतत खटकते. सगळे जण टनांत बोलतात. साठा किती टन, कोटा किती टन, कपात किती टन. बाल्टिकच्या हेरिंगचं दुखणं मात्र टनांत नीट दिसतच नाही. ते माशाच्या लांबीत, अंगावरच्या चरबीत, वयात आणि अंडी घालण्याच्या वेळेत दिसतं.

आधी हा समुद्र कसा आहे ते पाहू. उत्तर युरोपातल्या नऊ देशांनी वेढलेला बाल्टिक सरासरी जेमतेम ५५ मीटर खोल आहे. अटलांटिकशी त्याचा संबंध डेन्मार्कजवळच्या अरुंद, उथळ सामुद्रधुन्यांपुरता. दुसरीकडून शेकडो नद्यांचं गोडं पाणी येत राहतं. महासागराच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. मध्य बाल्टिकच्या वरच्या थरात ते ७-८ ग्रॅम असतं आणि अगदी उत्तरेला दोन-तीन ग्रॅमवर येतं. खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीत जसं मचूळ पाणी असतं, तसा हा अख्खा समुद्र मचूळ. आजच्या रूपातला बाल्टिक वयानंही कोवळा आहे. हिमयुग संपल्यावर, सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी, तो असा मचूळ झाला.

अटलांटिकचा हेरिंग इथं शिरला आणि इथलाच झाला. उत्तर समुद्रातला त्याचा भाऊबंद फूटभर लांब होतो. बाल्टिकमधला बहुतेक वेळा १५-१८ सेंटिमीटरांवर थांबतो. कमी क्षारतेत त्याची अंडी फळतात. उप्साला विद्यापीठातल्या लेइफ आंदेर्सोन यांच्या गटानं हेरिंगचा जनुकसंच उलगडला, तेव्हा त्याच्या डोळ्यातल्या प्रकाशग्राही प्रथिनातही बदल सापडला. बाल्टिकच्या गढूळ पाण्यात खोलवर पोचतो तो तांबूस प्रकाश, आणि त्या प्रकाशात नीट दिसावं असाच हा बदल आहे. आपली तारली आणि पाला याच गोत्रातले: चंदेरी, तेलकट, थव्यानं फिरणारे, प्लवकावर जगणारे आणि स्वतःपेक्षा मोठ्या जवळजवळ प्रत्येक प्राण्याचं खाद्य असलेले.

या माशानं शहरं उभी केली आहेत. मध्ययुगात डेन्मार्क आणि आजच्या स्वीडनमधलं स्कोने यांच्यामधल्या ओरेसुंडच्या सामुद्रधुनीत शरद ऋतूत हेरिंगचे थवे अंडी घालायला यायचे. स्कानोर आणि फाल्स्टरबो इथं त्या काळातली मोठी मासळी बाजारपेठ भरायची. ल्यूनेबुर्गचं मीठ ल्यूबेकमार्गे तिथं जायचं आणि खारवलेल्या हेरिंगची पिंपं युरोपभर जायची. उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या हान्सा संघाच्या वैभवात या पिंपांचा वाटा मोठा. ती मासेमारी पुढे ढासळली. २०२२मध्ये ‘पीएनएएस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेन अ‍ॅटमोर आणि सहकाऱ्यांनी व्हायकिंग काळापासूनच्या हेरिंगच्या हाडांमधला डीएनए तपासला. त्यातून दिसलं की माणसानं एक गट उपसून काढला, तो आटला की दुसऱ्याकडे मोर्चा वळवला. बाजारात मासा येतच होता, त्यामुळे एकेक गट मागे पडतोय हे विकणाऱ्याला किंवा खाणाऱ्याला जाणवलं नसावं. आज बाल्टिकमध्ये मुख्यत्वे वसंत ऋतूत अंडी घालणारा हेरिंग आहे. शरदातला हेरिंग कधीकाळी भरपूर होता, आता नावापुरता उरला आहे.

हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण आजही ‘बाल्टिकचा हेरिंग’ असा एकसंध मासा नाही. कोपनहेगनमधली आंतरराष्ट्रीय समुद्र संशोधन परिषद, म्हणजे १९०२पासून काम करणारी आयसीईएस, त्याचे चार साठे मानते: पश्चिमेचा, मध्य बाल्टिकचा, बॉथनियाच्या आखाताचा आणि रिगाच्या आखाताचा. चौघांची प्रकृती चार तऱ्हांची आहे.

पश्चिमेचा साठा सगळ्यांत वाईट अवस्थेत आहे. २०१९पासून पुढे आयसीईएस त्याच्यासाठी शून्य मासेमारीचा सल्ला देत आली. जर्मनीच्या किनाऱ्याजवळचं र्‍यूगन बेट आणि त्यालगतचं ग्राइफ्सवाल्डचा उथळ उपसागर हे त्याचं माहेर. मार्च-एप्रिलमध्ये गाभोळीनं फुगलेल्या माद्या तिथं येतात आणि पाणवनस्पतींवर चिकट अंडी सोडतात. जर्मनीच्या थ्यूनेन संस्थेची माणसं १९९२पासून हंगामात दर आठवड्याला त्या पाण्यात बारीक जाळी ओढतात, आलेली पिल्लं मोजतात आणि त्यांतली किती २० मिलिमीटर लांबीपर्यंत जगली याची नोंद ठेवतात. कामाचा आकडा हाच. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू काही दिवस अंगावरच्या बलकावर तगतं. बलक संपला की त्याला लगेच सूक्ष्म प्राणीप्लवक मिळावं लागतं. वीस मिलिमीटरचं झालं म्हणजे तो कठीण टप्पा त्यानं ओलांडला.

गेल्या तीसेक वर्षांत हा आकडा घसरत गेला. पॅट्रिक पोल्टे आणि सहकाऱ्यांनी २०२१मध्ये त्याचं कारण मांडलं. हिवाळे उबदार झाले. थंडी उशिरा पडते आणि लवकर ओसरते, त्यामुळे मासे लवकर येतात, अंडी लवकर फुटतात. पण प्लवकाची वाढ नुसत्या तापमानावर चालत नाही. तिला दिवस मोठा व्हावा लागतो, प्रकाश लागतो. सूर्याचं वेळापत्रक बदललेलं नाही. पिल्लं बाहेर येतात तेव्हा खायला काही नसतं. त्यात खतांमुळे गढूळ झालेल्या पाण्यात पाणवनस्पती पूर्वीइतक्या खोलवर वाढत नाहीत. त्या काठाच्या उथळ पट्टीत दाटतात आणि वादळ आलं की अंड्यांसकट उपटून किनाऱ्यावर फेकल्या जातात.

युरोपीय संघानं २०२२पासून इथं हेरिंगसाठीची थेट मासेमारी बंद केली. १२ मीटरहून लहान होड्यांनी एका जागी लावलेल्या जाळ्यांवर थोडासा मासा धरायला तेवढी मुभा ठेवली. तरी साठा सावरलेला नाही. एक कारण वर आलंच. दुसरं असं की हे मासे उन्हाळ्यात चरायला डेन्मार्क आणि नॉर्वे यांच्यामधल्या स्कागेराकमध्ये आणि उत्तर समुद्राच्या पूर्व भागात जातात आणि तिथं उत्तर समुद्राच्या हेरिंगमध्ये मिसळतात. तिथल्या मोठ्या जहाजांच्या जाळ्यात दोन्ही येतात आणि वरून पाहून दोन्ही सारखेच दिसतात. र्‍यूगनच्या छोट्या होडीवाल्यानं जाळं गुंडाळून ठेवलं, तरी त्याचा मासा दुसरीकडे धरला जातोच. मासा आटल्याचं ओझं ज्याच्यावर पडलं, त्याचा या नुकसानीतला वाटा सर्वांत लहान होता. हा मला उघड अन्याय वाटतो.

मध्य बाल्टिकची कथा गुंतागुंतीची आहे, आणि कोट्याचे ते झोके याच साठ्याचे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इथं जेवढा जननक्षम हेरिंग होता, त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आज उरला आहे. मात्र नुसत्या उपशानं हे झालेलं नाही. ऐंशीच्या दशकात इथं कॉडची चलती होती. कॉड हा शिकारी. हेरिंगवर आणि त्याहून लहान स्प्रॅटवर जगणारा. बेसुमार मासेमारीनं आणि तळाचा प्राणवायू संपत गेल्यानं कॉड कोसळला. जुलै २०१९मध्ये पूर्व बाल्टिकमध्ये कॉडची मासेमारी तातडीनं बंद करावी लागली, ती आजतागायत उठलेली नाही. शिकारी गेल्यावर हेरिंगचं फावायला हवं होतं. फावलं ते स्प्रॅटचं. उबदार पाणी त्याला मानवतं; तो प्रचंड वाढला आणि हेरिंग खातो तेच प्लवक खाऊ लागला.

शिवाय ते प्लवकही बदललं. अटलांटिकचं खारं, प्राणवायूयुक्त पाणी अधूनमधून मोठ्या लोंढ्यानं बाल्टिकच्या तळाशी शिरतं. ऐंशीच्या दशकापासून असे लोंढे विरळ झाले. डिसेंबर २०१४मधला लोंढा १८८०पासूनच्या नोंदींत तिसऱ्या क्रमांकाचा होता, पण त्याचाही परिणाम फार टिकला नाही. खारेपणा घटला तसा स्यूडोकॅलानस नावाचा पौष्टिक कोपेपॉड, म्हणजे प्राणीप्लवकातला एक सूक्ष्म जीव, कमी झाला आणि हेरिंगच्या पुढ्यातलं उत्तम अन्न गेलं. तळाशी प्राणवायू फारच कमी असलेला भाग शंभर वर्षांत सुमारे ५,००० चौरस किलोमीटरांवरून ६०,०००च्या वर गेला. तिथं तळाचे छोटे जीवही उरले नाहीत. परिणाम असा की ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एखाद्या वयाच्या हेरिंगचं जे वजन असायचं, ते नव्वदच्या दशकाअखेर जवळपास निम्म्यावर आलं आणि पुन्हा कधी पूर्वपदाला गेलं नाही.

हेरिंगच्या कानातला चुन्याचा बारीक खडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात वर्षाला एक अशी वलयं दिसतात. प्रयोगशाळेत हीच वलयं मोजून वय ठरवतात. अंगानं लहान दिसणारा मासा त्यामुळे पोरगेलासा निघेलच असं नाही; तो सहा-सात वर्षांचाही असू शकतो, फक्त न वाढलेला. मोठी, वयस्क मादी अंडी जास्त देते, तिची अंडी सुदृढ असतात. अशा माद्या घटल्या की एखाद्या चांगल्या वर्षाच्या पिल्लांवरच साठ्याचं सगळं भवितव्य टांगलं जातं. २०२५चा कोटा दुपटीवर गेला तो तरुण मासे वाढून साठ्यात भर घालतील या अंदाजावर. अंदाज मांडणाऱ्यांची चूक नाही; दर ऑक्टोबरात अनेक देशांची जहाजं ध्वनिलहरींनी थवे मोजतात आणि त्यावरच हे गणित चालतं. पण शिलकीत म्हातारे मासे नसताना येणाऱ्या तरुणांच्या भरवशावर इतका खर्च मंजूर करणं मला धोक्याचं वाटतं. तसंच, मोठे ट्रॉलर हेरिंग आणि स्प्रॅट एकत्रच उपसतात, आणि त्यातला हेरिंग किती हे अदमासानं लिहिलं जातं. चुकीच्या नोंदींची तक्रार जुनीच आहे. कोटा शेवटच्या टनापर्यंत ठरवायचा आणि धरलेला मासा अदमासानं लिहायचा, हे जुळत नाही.

बॉथनियाचं आखात बरीच वर्षं ‘ठीक’ या खान्यात होतं. तिथला बहुतेक कोटा फिनलंडचा. मग किनाऱ्यावरचे मच्छीमार सांगू लागले की मोठा मासा येत नाही आणि येतो तो हडकुळा. २०२१च्या सुमाराला फिनलंडच्या नैसर्गिक संसाधन संस्थेलाही विलक्षण रोडके हेरिंग आढळले. खाद्य तोकडं पडल्याचं निदान झालं. स्वीडनच्या उत्तर किनाऱ्यावर याचा फटका एका जुन्या खाद्यप्रथेला बसला. तिथं वसंतात, अंडी घालण्याआधीचा भरलेला हेरिंग हलक्या मिठात आंबवून डब्यात भरतात, ते सुरस्ट्रोमिंग. ऑगस्टच्या तिसऱ्या गुरुवारी डबे फोडायचा रिवाज. अलीकडच्या हंगामांत योग्य आकाराचा मासाच न मिळाल्यानं बनवणाऱ्यांना उत्पादन आखडावं लागलं. आखातात हेरिंग टनांनी होता. त्यांना लागणारा हेरिंग तेवढा नव्हता.

रिगाच्या आखातात मात्र चित्र चांगलं आहे. लाटव्हिया आणि एस्टोनिया यांच्यामधला हा जवळजवळ बंदिस्त भाग. इथं सौम्य हिवाळे आतापर्यंत पिल्लांना मानवलेले दिसतात. मासेमारीही बेतानं चालते; इथं येणाऱ्या जहाजाच्या इंजिनाची ताकद २२१ किलोवॉटच्या आत असावी असा नियम आहे, त्यामुळे महाकाय ट्रॉलर आत शिरू शकत नाहीत. किनाऱ्याला रोवलेली स्थिर जाळी अजून टिकून आहेत. एकाच समुद्रात, एकाच तापमानवाढीत एक साठा कोसळतो आणि दुसरा तगतो, याचं सगळं श्रेय इंजिनाच्या मर्यादेला देता येणार नाही. तरी ती मर्यादा दुसऱ्या भागातल्या लोकांनी पाहण्यासारखी आहे.

एवढा मासा जातो कुठं? हेलसिंकीत १७४३पासून दर ऑक्टोबरात हेरिंगचा बाजार भरतो. द्वीपसमूहातले मच्छीमार होडीतूनच खारवलेला, मुरवलेला मासा विकतात. आपण तारलीला रवा लावून तळतो, तसा तिकडे हेरिंगला राय या धान्याचं पीठ लावून लोण्यात परततात. पण माणसाच्या ताटात जाणारा हा वाटा आता लहान आहे. बहुतांश हेरिंग कारखान्यात जातो. त्याचं फिशमील आणि तेल होतं, ते नॉर्वे आणि इतरत्र पोसलेल्या सामन (सॅल्मन) माशांना घालतात. फिनलंडमध्ये फरसाठी पाळलेल्या मिंक आणि कोल्ह्यांनाही तो घातला गेला.

यामागे डायॉक्सिनचंही कारण आहे. बाल्टिकच्या चरबीयुक्त माशांत हे विष साचतं; वय आणि आकार वाढतो तसं जास्त. ते आता सत्तरच्या दशकापेक्षा पुष्कळ घटलं आहे, तरी मोठा हेरिंग अनेकदा युरोपीय मर्यादेबाहेर जातो. स्वीडन आणि फिनलंड यांना तो देशांतर्गत विकायची सवलत आहे, मात्र मुलांनी आणि तरुण स्त्रियांनी तो किती खावा याचा सल्ला सरकारला द्यावा लागतो. कारखान्यात तेलातून डायॉक्सिन काढता येतं, म्हणून ‘हा मासा खाद्यालाच बरा’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला हे पटत नाही. आज धरला जाणारा बहुतेक हेरिंग लहान आहे आणि लहान हेरिंग खायला सुरक्षित असतो. तो माणसांना न देता सामनला घालण्यामागचं खरं कारण भाव आणि सोय हे आहे. एका फेरीत शेकडो टन उपसणाऱ्या जहाजाला मासा बर्फात जपून, निवडून, साफ करून विकणं परवडत नाही.

हे आपल्या किनाऱ्याला परकं नाही. केरळात २०१२मध्ये सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली आणि २०२१मध्ये ३,२९७ टन. नंतर तारलीचे थवे परतले तेव्हा कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेला तेच दिसलं, जे बॉथनियात दिसलं होतं: संख्या भरपूर, मासा लहान आणि अंगात चरबी कमी. आपल्याकडेही पश्चिम किनाऱ्यावर फिशमीलचे कारखाने अशा लहान तारलीची वाट पाहत असतात.

पुन्हा ब्रुसेल्सकडे येऊ. बाल्टिकसाठीच्या २०१६च्या बहुवार्षिक योजनेत एक कलम आहे: साठा किमान रेषेच्या खाली जाण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी राहील असाच कोटा ठरवला पाहिजे. आयोगाचा २०२३चा बंदीचा प्रस्ताव याच कलमातून निघाला होता. मंत्र्यांचं म्हणणं पडलं की हे कलम तंतोतंत पाळलं तर किनाऱ्यावरची गावं उद्ध्वस्त होतील. मग त्याच वर्षाच्या अखेरीस आयोगानं ते कलमच वगळायचा प्रस्ताव आणला. पाच टक्के ही रेषा फार ताठर आहे, हा आक्षेप मी समजू शकतो. शून्य मासेमारी केली तरी कधीकधी ती अट पूर्ण होत नाही. पण ताठर रेषा काढून तिथं दुसरी, शहाणी रेषा न आखता मोकळी जागा सोडली, तर ती टनांची घासाघीसच भरून काढणार. उत्तर समुद्रात हेरिंग कोसळला तेव्हा १९७७ ते १९८१ मासेमारी थांबवली होती आणि तो सावरला. बाल्टिकचा हेरिंग तेवढ्यानं सावरेल असं वचन कुणी देऊ शकत नाही, कारण इथं पाणी, प्लवक आणि शिकारी सगळंच बदललं आहे. म्हणूनच इथं धोका कमी पत्करायला हवा.

आणखी एक गोष्ट टनांच्या हिशेबात बसत नाही. आंदेर्सोन यांच्याच गटानं अलीकडे स्वीडनच्या पूर्व किनाऱ्याजवळ असा हेरिंग वर्णिला, जो प्लवकावर थांबत नाही; तो स्टिकलबॅक नावाचे काटेरी छोटे मासे खातो, भराभर वाढतो, बाल्टिकच्या इतर हेरिंगपेक्षा पुष्कळ मोठा होतो, आणि मोठा असूनही त्याच्यात डायॉक्सिन कमी असतं. स्टिकलबॅकचं पीक बाल्टिकमध्ये वाढलं आहे आणि ते हेरिंगची अंडीही खातात. म्हणजे हा गट समुद्राच्या आणि माणसाच्या दोघांच्याही उपयोगाचा. त्याच्यासाठी वेगळा कोटा नाही, वेगळी गणना नाही. हिवाळ्यात असे स्थानिक गट कुठं गोळा होतात आणि त्याच वेळी तिथून किती मोठी जहाजं जातात, याचा हिशेब साठ्याच्या चार आकड्यांत येत नाही. स्वीडनमध्ये किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत ट्रॉलरबंदीची मागणी जोर धरते आहे ती याच काळजीतून, आणि मला ती रास्त वाटते.

वय आणि आकार मोजायला नवा कायदाही लागत नाही. युरोपीय संघाच्या २००८च्या सागरी धोरण निर्देशात लिहिलेलं आहे की व्यापारी माशांच्या साठ्यात वयाचं आणि आकाराचं प्रमाण निरोगी साठ्याला शोभेल असं असावं. ही स्थिती २०२०पर्यंत साधायची होती. कानातल्या खड्यांची वलयं दरवर्षी मोजली जातात, लांबी नोंदली जाते, सगळी माहिती कोपनहेगनला जमा होते. पण प्रत्येक साठ्यात किती टक्के मासे अमुक वयाचे किंवा अमुक लांबीचे हवेत, याची सर्वमान्य रेषा अजून आखलेली नाही. ऑक्टोबरात लक्झेंबर्गला मंत्र्यांच्या टेबलावर त्यामुळे फक्त टनांचाच तक्ता येतो.